बंद खोलीतली नोंद

धायरी
२४ नोव्हेंबर २०२४

तनुजाताई यांस,
सप्रेम जय भीम.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि मेसेज लिहायला गेलो की भलतंच काहीतरी उघडतं, म्हणून पत्र. छत्तीस वर्षं रेल्वेच्या टपालात दुसऱ्यांची पत्रं खणांत लावली, आता अधूनमधून स्वतःचं एखादं टाकतो.

प्रज्ञेशने घरात बसवलेल्या डब्यांबद्दल लिहायचं आहे. त्याची आई गेल्यावर मी एकटा घरात हिंडतो-फिरतो आहे की कुठे पडून आहे, हे त्याला ऑफिसात बसून कळावं म्हणून त्याने चार दारांच्या चौकटींवर चार डबे लावले. स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्यावर मलाही दिसतं, कोणत्या खोलीत शेवटची हालचाल किती वाजता झाली ते. तो आठ दिवसांच्या तापात गेला त्याला पावणेदोन वर्षं झाली. डबे चालू आहेत आणि त्यांच्या नोंदी आता तुमच्याकडे येतात. तुम्ही त्याच्या साहेब. हे काम तुमच्यावर कोणी टाकलं नव्हतं, तुम्ही आपणहून घेतलंत.

तक्रार एवढीच, की सेल पाच महिन्यांत संपतात. परवा बदलताना स्टुलावरून पाय चुकला. फार लागलं नाही. निशाला कळवू नये. सून असली तरी दर रविवारी बिबवेवाडीहून येते, मंडईतली भाजी ठेवते आणि मला शिस्त लावून जाते. ते स्टूल तिने एकदा जप्त केलेलं आहे.

तीन डब्यांचे सेल बदलले. चौथ्याचं पुढे बघू. सेल जास्त टिकतील असं काही करता येतं का?

आपला,
सोनबा ओव्हाळ


सहकारनगर
८ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
सा. नमस्कार.

स्टुलावर पुन्हा चढू नका. निशाला कळवत नाही, पण हे मला आवडलेलं नाही हे नोंदवून ठेवते.

करता येतं. प्रज्ञेशचा प्रोग्राम काल नीट वाचला. डब्यातली चिप सेलकडून वीज दोन प्रकारे घेऊ शकते. दोन पेन्सिल सेल मिळून तीन व्होल्ट देतात आणि चिपच्या पोटात त्याच्या निम्मेसुद्धा लागत नाहीत. साध्या पद्धतीत वरचा भाग उष्णता होऊन वाया जातो. दुसरी पद्धत म्हणजे चिपच्या आतच असलेला कन्व्हर्टर. तो सेकंदाला लाखो वेळा वीज जोडतो आणि तोडतो, शेजारच्या मुगाएवढ्या कॉइलमध्ये ती क्षणभर साठवतो आणि हवी तेवढीच आत सोडतो. त्याने सेल जवळजवळ दुप्पट टिकतात.

प्रज्ञेशने चारही बोर्डांवर कॉइल बसवली आहे, पण प्रोग्राममध्ये कन्व्हर्टर बंद ठेवला आहे. बहुधा चालू करायचं राहून गेलं असावं. फक्त काही ओळी बदलायच्या आहेत, त्या इथे बसून पाठवता येतात. शनिवारी, चौदा तारखेला, पाठवते. तुम्हाला काहीही करायचं नाही.

आपली,
तनुजा


सहकारनगर
२७ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
सा. नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही, पण नोंदी येत आहेत, त्यामुळे तुम्ही ठीक आहात असं धरून चालले आहे. चारही डबे आता कमी वीज खातात. चौथ्याचा सेल अगदी थकलेला होता, तोही तग धरून आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. हे डबे तुमची काळजी घ्यायला आहेत, तुमच्यावर पाळत ठेवायला नाहीत, हे मला कळतं. तरी दिसलं ते न दिसल्यासारखं करणंही बरोबर वाटेना. या बारा-तेरा दिवसांत बहुतेक पहाटे, पाच ते सहाच्या मध्ये, प्रज्ञेशच्या खोलीत वावर दिसतो. मी त्याबद्दल काही विचारणार नाही. तिथे जाऊन बसावंसं वाटणारच. फक्त यंदा थंडी फार आहे, आणि ती खोली उत्तरेची. अंगावर शाल असू द्या.

आपली,
तनुजा


धायरी
२ जानेवारी २०२५

तनुजाताई यांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे तुम्हालाही दिसतं. मला वाटत होतं की स्वयंपाकघरातला पडदा बिघडला असेल, किंवा माझे डोळे.

त्या खोलीत मी जात नाही. जून महिन्यात सेल बदलायला उघडली होती, त्यानंतर उघडलेली नाही. बाहेरून कुलूप आहे आणि किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. खिडकी आतून बंद आहे. उंदीर म्हणाल तर फटीतून जाईलही, पण रोज वेळ पाळणारा उंदीर मी सरकारी नोकरीतसुद्धा पाहिला नाही.

आमच्या वडिलांनी छप्पन्नला धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले. भुतंही त्याच टोपलीत गेली, असं ते म्हणायचे. प्रज्ञेश गेल्यावर गल्लीतली एक बाई अंगारा घेऊन आली होती, तिला मी चहा पाजून परत पाठवली. हे लिहितो, कारण मी कोणत्या घरातला माणूस आहे ते तुम्हाला माहीत असावं आणि तुम्ही उत्तर देताना मला जपू नये.

डबा चुकत असेल तर तसं लिहा. चुकत नसेल तर तसंही लिहा.

सोनबा ओव्हाळ


सहकारनगर
६ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. मी चुकीचा अंदाज केला, त्याबद्दल माफी मागते. नोंदी पुन्हा पाहिल्या. सेन्सर बिघडलेला दिसत नाही. दिवसभर तो शांत असतो, म्हणजे आपलं काम करतो आहे. पहाटेचं मात्र लगेच सांगता येत नाही. आणखी तपासून कळवते, थोडा वेळ द्या.

आपली,
तनुजा


बिबवेवाडी
१२ जानेवारी २०२५

तनुजा मॅडम,

बाबांच्या उशीखाली तुमची पत्रं सापडली. मी वाचली. त्याबद्दल सॉरी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी बाबांनीच विषय काढला होता. म्हणाले, तू सदतीस वर्षांची आहेस, प्रज्ञेशच्या फोटोला हार बदलत बसायला तुला आणलं नव्हतं. मी वर्षभर टाळलं. विक्रम माझ्याच ऑफिसात आहे, बाबा त्याला दोनदा भेटले आहेत, दोघांनी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली आहेत. पंधरा डिसेंबरच्या रविवारी मी बाबांना सांगितलं की माझा होकार आहे. ते खूश झाले. स्वतः चहा केला, साखर विसरले.

दोन आठवड्यांनी म्हणाले, थोडं थांबू. का, ते सांगेनात. आज हातात पत्रं धरून विचारलं तेव्हा म्हणाले, "तू होकार सांगितलास, त्याच पहाटेपासून तो खोलीत येतोय. त्याला पटलेलं दिसत नाही."

मॅडम, हे बोलणारा माणूस कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ते पहाटे चारपासून त्या कुलपासमोर खुर्ची टाकून बसतात. अठ्ठ्याहत्तर वय आहे, छातीत कफ झालाय. कुलूप उघडा म्हटलं तर म्हणतात, उघडलं आणि आत कोणी नसलं तर? मी म्हटलं, नसणारच. तर म्हणाले, मग तनुजाताईंनाही कसं दिसतं. त्या इंजिनिअर आहेत. त्यांनी तपासलंय.

मला लग्नाला परवानगी नकोय. विक्रम थांबेल, आणि नाही थांबला तर तेही कळेल. पण या घरातून मी अशी जाणार नाही, की मागे म्हातारा कुलपाकडे बघत बसलाय. तुम्ही काय तपासलंत ते मला सांगा.

निशा


सहकारनगर
१६ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. नमस्कार.

हे पत्र निशालाही पाठवते आहे. तुम्ही जपू नका म्हणाला होतात. मी जपलं, आणि त्याचं काय झालं ते तिच्याकडून कळलं.

प्रज्ञेशच्या खोलीत कोणी नाही. ती हालचाल मी निर्माण केली आहे.

तुमच्याकडच्या त्या डब्यासारखाच पहिल्या खेपेचा एक बोर्ड ऑफिसात होता. सोमवारी त्यात जुने, थकलेले सेल घातले, कन्व्हर्टर चालू केला, सेन्सरवर काळी टोपी चढवली आणि सगळं ऑफिसातल्या फ्रिजमध्ये ठेवलं. दार लावून बाहेर बसले. चाळीस मिनिटांनी माझ्या पडद्यावर नोंद आली: हालचाल. आत दुधाची पिशवी होती आणि कोणाचातरी जेवणाचा डबा होता. मग आणखी दोनदा. बोर्ड बाहेर काढला, टेबलावर गरम झाला, नोंदी थांबल्या. कन्व्हर्टर बंद करून पुन्हा आत ठेवला, रात्रभरात एकही नोंद नाही. मंगळवारी आणि बुधवारी दिवसा हेच पुन्हा करून पाहिलं.

कारण असं आहे. कन्व्हर्टर वीज जोडतो-तोडतो तेव्हा तिच्यात बारीक थरथर राहते. एरवी ती कळत नाही. पण सेल थकलेला असला आणि वर थंडी पडली की तो कच खातो, आणि थरथर वाढते. पहिल्या खेपेच्या बोर्डावर कॉइल सेन्सरच्या तारेला अगदी खेटून आहे, त्यामुळे ती थरथर तारेत उतरते आणि चिपला वाटतं की समोरून कोणी गेलं. बाकीचे तीन डबे नंतरच्या खेपेचे आहेत, त्यांचे सेल नवे आहेत आणि त्या खोल्यांत ऊब असते. ही एकच खोली बंद, उत्तरेची आणि पहाटे सगळ्यांत गार. निशाने होकार दिला त्याच्या आदल्या रात्री मी बदल पाठवला. दोन गोष्टी एका दिवसावर आल्या, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

इथवर यंत्राचं झालं. आता माझं.

मी तुम्हाला लिहिलं होतं, चालू करायचं राहून गेलं असावं. ते खरं नव्हतं. प्रोग्राममध्ये त्या जागी प्रज्ञेशने स्पष्ट लिहून ठेवलंय: कन्व्हर्टर बंद ठेवला आहे, कारण वहीत. ती वही त्याच्या खोलीत असणार हे मला माहीत होतं. ती मागितली तर तुम्हाला खोली उघडून त्याच्या वस्तू हलवाव्या लागतील, म्हणून मागितली नाही. तेव्हा मला हे फार समजूतदारपणाचं वाटलं होतं. त्याच्या तळाशी आणखी काही होतं का, हे मी आठवडाभर स्वतःला विचारते आहे. होतं. तो असताना याच कन्व्हर्टरवरून मी त्याला सगळ्यांसमोर बोलले होते, की छापील माहिती वाचून दोन ओळी लिहायला काय अडचण आहे. तो म्हणाला होता, नंतर सांगतो, मॅडम. नंतर तो आजारी पडला. त्याचं कारण बरोबर निघू नये अशी माझी इच्छा असावी.

सहा तारखेला मी लिहिलं, सेन्सर बिघडलेला नाही. तेवढ्यापुरतं ते खरं होतं. पण दुसऱ्या कोणाच्या घरी बंद खोलीत हालचाल दिसली असती, तर मी त्याच दिवशी बोर्ड टेबलावर घेतला असता. इथे सात दिवस घेतला नाही. रोज पहाटे उठून नोंद आली का ते बघत होते आणि आली की मला बरं वाटत होतं. हे तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं, कारण तुम्ही माझ्या बघण्यावर विसंबलात.

उपाय सापडला आहे. मोजण्याच्या क्षणी कन्व्हर्टर बंद करायचा, थरथर शमू द्यायची, मोजायचं, आणि नोंद पाठवताना पुन्हा चालू करायचा. बहुतेक वीज पाठवण्यातच जाते, त्यामुळे सेल टिकतील आणि खोटी नोंदही येणार नाही. बदल तयार आहे, फ्रिजमध्ये दोन रात्री तपासला आहे. पण तुम्हाला नीट न विचारता तुमच्या घरात मी एकदा बदल केला. या वेळी तुम्ही 'पाठवा' असं लिहिल्याशिवाय पाठवणार नाही. तो पोचल्यावर ती खोली शांत होईल.

आपली,
तनुजा


धायरी
२९ जानेवारी २०२५

तनुजाताई यांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र अठरा तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे ठरत नव्हतं. तुमच्यावर काढावा तर तुम्हीच सगळं कबूल करून बसलात, मला जागा ठेवली नाहीत.

त्यानंतरही आठ दिवस मी कुलपासमोर बसलो. आत थरथर आहे, कोणी नाही, हे पाठ म्हणत बसलो. खुर्चीवरून दिसणाऱ्या पडद्यावर वेळ बदलली की पाठांतर विसरायचो. रविवारी निशा आली, खुर्चीवर मला पाहिलं आणि दुसरी खुर्ची आणून शेजारी बसली. तासभर बसली असेल. मग मी किल्ली काढली.

आत कोणी नव्हतं. धूळ होती. वही टेबलाच्या खणात होती, निशाने शोधली. तुमच्या कामाचं पान उतरवून देतो.

'१९ जानेवारी २०२२. बाबांच्या घरी कन्व्हर्टर चालू करून तीन दिवस पाहिलं. थंडीत पहाटे मधल्या खोलीत खोटी हालचाल. बाबा दोनदा उठून सगळं घर बघून आले. सध्या बंद ठेवतो. मोजताना बंद, पाठवताना चालू, असं जमेल का? मॅडमना विचारणे.'

मला ती पहाट आठवते. हा डबा तेव्हा मधल्या खोलीत होता. पडद्यावर हालचाल दिसली म्हणून मी चोर समजून काठी घेऊन फिरत होतो. तो अंथरुणात उठून बसला, हसला, आणि बराच वेळ मला काहीतरी समजावून सांगत होता. मला ऐकू येत नव्हतं. मी मान डोलावली, समजलं म्हणून. त्याचं बरंचसं बोलणं मी असंच ऐकलेलं आहे. हे ऐकलं असतं तर या डिसेंबरात निशाला थांब म्हणायची वेळ आली नसती. तेव्हा तुमच्या चुकीत माझा हिस्सा धरावा.

पाठवा. कोणत्या दिवशी ते आधी कळवा.

सोनबा ओव्हाळ


सहकारनगर
७ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सा. नमस्कार.

ठरल्याप्रमाणे रविवारी, दोन तारखेला संध्याकाळी, बदल पाठवला. त्यानंतर पाच पहाटा गेल्या, त्यांतल्या दोन कडक थंडीच्या होत्या. खोलीत एकही नोंद नाही. सोमवारी सकाळी अकराला वीस मिनिटं हालचाल दिसली, ती तुम्ही किंवा निशा असणार. तशी खात्री करून घेण्यासाठीच लिहिते आहे. तेव्हा खोलीत कोणी नसेल तर मला लगेच कळवा.

वहीतलं पान मी ऑफिसातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याला जिथे बोलले होते त्याच टेबलावर. त्याने काही भरून निघत नाही, हे मला माहीत आहे. प्रोग्राममध्ये त्या जागी आता त्याचं नाव आणि ती तारीख लिहिली आहे.

जुन्या खोट्या नोंदी पुसायला हव्यात, नाहीतर महिन्याचा हिशोब चुकतो. अजून पुसलेल्या नाहीत. मला पाचच्या सुमारास जाग येते. पडद्यावर काही नसतं. आता काही नसलं म्हणजेच सगळं बरोबर आहे, तरी मी उजाडेपर्यंत बघत राहते. हे तुम्हाला लिहावं की नाही, कळत नाही. पण या वेळी काही मागे ठेवायचं नाही असं ठरवलं आहे.

आपली,
तनुजा


धायरी
२ मार्च २०२५

तनुजाताई यांस,
सप्रेम जय भीम.

सोमवारी अकराला आम्ही दोघं होतो. पलंग हलवला.

नोंदी पुसून टाका. मलाही पहिल्या तीन पहाटा जड गेल्या. खुर्ची बाहेरच होती, मी बसलो, पडदा गप्प. तुमच्या उपायात दोष काढता येईल का याचा विचारही केला, सापडला नाही. माणसाला काय काय हवं असतं ते त्या खुर्चीवर बसून कळलं, आणि ते मला शोभणारं नाही. चौथ्या दिवशी खुर्ची आत नेली आणि निशाला निरोप पाठवला, की विक्रमला घेऊन ये आणि लग्नाच्या नोटिशीचा अर्ज भरा. त्याने भरला. अक्षर बरं आहे त्याचं.

तुम्हीही आता झोपत जा. पहाटे त्या खोलीत गेलो तर मी कळवीन.

दहा मार्चला, सोमवारी, नोंदणी कचेरीत लग्न आहे. त्या दिवशी सकाळी सातपासून तुमच्या पडद्यावर प्रज्ञेशच्या खोलीत पुष्कळ हालचाल दिसेल. निशा तिथे आवरणार आहे, तिच्या दोन मैत्रिणी असतील, आणि बायका तयार व्हायला किती वेळ घेतात ते तुमच्याकडे मिनिटांत नोंदलं जाईल. घाबरू नये. खोलीला कुलूप नाही, किल्ली निशाकडे दिली.

साक्षीदार तीन लागतात. एक विक्रमचा भाऊ आणि एक मी. तिसरी सही तुमची पाहिजे, निशाचंही तेच म्हणणं आहे. साडेदहाला पोचा आणि ओळखपत्र आणा.

तिथल्या कारकुनाने एक कागद आधी भरून आणायला दिला आहे, त्यात प्रत्येक साक्षीदाराने वधूशी आपलं नातं लिहायचं आहे. मी दोन दिवस तो कागद कोरा ठेवला होता. तिचे वडील ती कॉलेजात असतानाच वारले. सासरा लिहावं, तर ज्या दिवशी लिहिणार त्याच दिवशी ते नातं संपतं. काल रात्री मी 'वडील' असं लिहिलं आहे. तुम्हाला आता खोटी नोंद ओळखता येते. ही तशी वाटली, तर माझ्या सहीच्या आधी सांगा.

आपला,
सोनबा ओव्हाळ